'डबल इन्डेम्निटी' : न दाखवलेल्या गुन्ह्याचा सिनेमा

रात्रीची वेळ. रेल्वेच्या रुळांवर एका माणसाचं प्रेत ठेवून एक बाई आणि एक पुरुष घाईघाईनं गाडीत येऊन बसतात. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलंय. आता गाडी सुरू करायची आणि निघून जायचं, एवढंच उरलंय. बाई गाडी सुरू करायला जाते. इंजिन नुसतं कण्हतं आणि गप्प होतं. ती पुन्हा प्रयत्न करते. पुन्हा तेच. दोघं एकमेकांकडे बघतात. कुणी काही बोलत नाही. मग पुरुष हळूच हात पुढे करतो आणि इंजिन एकदाचं धडधडू लागतं.

आपला रोखलेला श्वास सुटतो. मग ध्यानात येतं, की दोन खुन्यांची गाडी सुरू व्हावी म्हणून आपण इतका वेळ मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

हा प्रसंग 'डबल इन्डेम्निटी' या १९४४ सालच्या हॉलिवूडच्या सिनेमातला. दिग्दर्शक बिली वाइल्डरनं पुढे सांगितलेली हकीकत अशी, की पटकथेत हा प्रसंग नव्हताच. दोघं गाडीत बसतात आणि निघून जातात, एवढंच लिहिलं होतं आणि तसं चित्रीकरण उरकलंही होतं. काम आटोपून वाइल्डर स्वतःच्या गाडीत बसला, तर ती सुरू होईना. तो तसाच धावत परत आला, सेट मोडू नका म्हणून ओरडला आणि तोच प्रसंग पुन्हा घेतला. 'अजून थांब, अजून हळू' असं तो नायकाला सांगत राहिला. इतका वेळ प्रेक्षक थांबणार नाहीत, असं नायकाचं म्हणणं होतं. प्रेक्षक थांबले. आज ८० वर्षांनंतरही थांबतात.

या प्रसंगात रक्त नाही, पाठलाग नाही, पोलीसही नाहीत. न सुरू होणारं इंजिन आणि दोन चेहरे, इतकंच. ज्या काळात अमेरिकन सिनेमात गुन्हा तपशिलानं दाखवायला बंदी होती, त्या काळात हा सिनेमा निघाला, आणि जे दाखवता येत नाही ते कसं पोचवायचं याचा धडा त्यानं सगळ्या जगाला घालून दिला. तो कसा, हे त्या सिनेमाच्या जन्मकथेतच बघायला मिळतं.

विम्याचं एक कलम

आधी नावाबद्दल. 'डबल इन्डेम्निटी' हा विम्याच्या व्यवहारातला शब्द आहे. विमाधारकाचा मृत्यू अपघातानं झाला, तर वारसाला विम्याची दुप्पट रक्कम मिळते, असं ते कलम. आपल्याकडेही विमा एजंट पॉलिसी समजावताना 'डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

याच कलमापायी न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली एक खून झाला होता. क्वीन्स भागात राहणाऱ्या रूथ स्नायडर नावाच्या गृहिणीनं जड ग्रे या आपल्या प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला मारलं. ग्रे स्त्रियांची कॉर्सेट विकणारा फिरता विक्रेता होता. दुप्पट भरपाईचं कलम असलेला विमा रूथनं नवऱ्याच्या नकळत आधीच उतरवून ठेवला होता. घरफोडीचा बनाव फार काळ टिकला नाही आणि पकडल्यावर दोघं एकमेकांवर आरोप करू लागली. जानेवारी १९२८ मध्ये सिंग सिंग तुरुंगात दोघांना विजेच्या खुर्चीत बसवण्यात आलं. टॉम हॉवर्ड या छायाचित्रकारानं पायाच्या घोट्याला छोटा कॅमेरा बांधून रूथचा अखेरचा क्षण चोरून टिपला आणि 'डेली न्यूज'नं तो पहिल्या पानावर छापला.

जेम्स एम. केन त्या काळात न्यूयॉर्कमध्ये पत्रकार होता. दोन सामान्य माणसं प्रेमाच्या आणि पैशाच्या नादानं एकत्र येऊन खून करतात आणि तोच खून त्यांना एकमेकांचे वैरी करतो, हे सूत्र त्याच्या डोक्यात रुतून बसलं. पुढे तो कॅलिफोर्नियाला गेला आणि १९३४ मध्ये त्यानं 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' लिहिली. त्यानंतरची 'डबल इन्डेम्निटी' १९३६ मध्ये 'लिबर्टी' साप्ताहिकातून क्रमशः आली. एक विमा एजंट, त्याच्या ग्राहकाची बायको, नवऱ्याच्या नकळत उतरवलेला अपघात विमा आणि चालत्या आगगाडीतून पडून झाल्यासारखा भासवलेला मृत्यू, अशी ती गोष्ट.

स्टुडिओंना ती छापून येण्याआधीच हवी होती. अडथळा होता जोसेफ ब्रीनचा. हॉलिवूडनं १९३० मध्ये स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली होती आणि १९३४ पासून ब्रीनच्या कार्यालयानं तिची कडक अंमलबजावणी सुरू केली होती. गुन्ह्याची पद्धत तपशिलानं दाखवायची नाही, व्यभिचार आकर्षक वाटू द्यायचा नाही, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती निर्माण होऊ द्यायची नाही. केनची कथा या तिन्ही नियमांत अडकत होती. १९३५ मध्ये ब्रीननं स्टुडिओंना असं खरमरीत पत्र धाडलं, की सगळ्यांनी हात काढून घेतले. पुढची आठ वर्षं ती कथा पडून राहिली. १९४३ मध्ये पॅरामाउंटनं हक्क घेतले ते १५,००० डॉलरना.

दोन लेखक, एक खोली

वाइल्डर मूळचा अमेरिकन नव्हता. त्याचा जन्म १९०६ चा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या आणि आता पोलंडमध्ये असलेल्या सुखा या गावातला, एका ज्यू कुटुंबात. व्हिएन्नात आणि मग बर्लिनमध्ये त्यानं वार्ताहर म्हणून उमेदवारी केली, नंतर तो पटकथा लिहू लागला. १९३० मध्ये बर्लिनमध्ये 'मेन्शेन आम झोन्टाग' हा छोटेखानी मूकपट निघाला. त्यात वाइल्डरबरोबर रॉबर्ट सिओडमाक आणि एडगर उल्मर होते. या तिघांनी पुढे अमेरिकेत जाऊन नॉयर, म्हणजे काळोख्या गुन्हेपटांच्या, शैलीतले महत्त्वाचे सिनेमे केले. हिटलर सत्तेवर आला तसा १९३३ मध्ये वाइल्डर पॅरिसला निसटला आणि तिथून हॉलिवूडला पोचला. त्याची आई मागे राहिली. ती नाझींच्या वंशसंहारात मारली गेली.

इंग्रजी त्यानं हॉलिवूडमध्ये कामं करता करता पक्कं केलं. चार्ल्स ब्रॅकेट या लेखकाशी त्याची जोडी जमली आणि त्यांच्या पटकथा गाजू लागल्या. केनची कथा मात्र ब्रॅकेटला किळसवाणी वाटली आणि त्यानं अंग काढून घेतलं. खुद्द केन दुसऱ्या स्टुडिओच्या कामात अडकलेला. तेव्हा निर्माता जो सिस्ट्रम यानं नाव सुचवलं रेमंड चँडलरचं.

चँडलर तेव्हा ५५ च्या घरात होता. जन्म शिकागोचा, शिक्षण इंग्लंडमध्ये, नंतर लॉस एंजेलिसच्या तेल कंपनीत मोठ्या हुद्द्याची नोकरी. दारूपायी ती गेली आणि चाळिशी उलटल्यावर हा माणूस स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांत रहस्यकथा लिहू लागला. त्या मासिकांकडे तिकडच्या साहित्यिकांनी नाक मुरडलं, तसंच आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार'कडे आणि 'काळा पहाड'कडे मुरडलं जाई, आणि वाचक मात्र दोन्हीकडे रात्री जागून वाचत. चँडलरची 'द बिग स्लीप' ही कादंबरी १९३९ ची. लॉस एंजेलिसचं ऊन, गल्ल्या, हॉटेलं आणि माणसांचं बोलणं त्याच्यासारखं दुसऱ्या कुणाला साधलं नव्हतं. पटकथा मात्र त्यानं जन्मात लिहिली नव्हती. एक-दोन आठवड्यांत हे काम उरकेल, अशा समजुतीनं तो आला आणि महिनोन्‌महिने अडकला.

दोघांचं जमलं नाही. वाइल्डर खोलीत येरझाऱ्या घालायचा, हातातली वेताची छडी हलवत बोलायचा, डोक्यावरची हॅट घरातही काढायचा नाही, सतत फोन घ्यायचा. चँडलर शिस्तीच्या इंग्रजी शाळेत घडलेला, एकलकोंडा, पाइप ओढत खिडक्या बंद करून बसणारा. एक दिवस तो आलाच नाही. त्यानं तक्रारींची यादीच लिहून पाठवली. त्यात वाइल्डरनं आपल्याशी कसं वागू नये हे एकेक करून मांडलं होतं. पुढे एका पत्रात चँडलरनं कबूल केलं, की या कामानं बहुधा आपलं आयुष्य कमी केलं, पण पटकथालेखनाबद्दल जे काही शिकलो ते इथेच.

शिकवण दोन्ही बाजूंनी झाली. केनचे संवाद वाइल्डरला फार आवडत, ते जसेच्या तसे घ्यावेत असं त्याचं मत. चँडलरचं म्हणणं वेगळं होतं. हे संवाद डोळ्यांसाठी लिहिलेले आहेत, पानावर छान दिसतात, मोठ्यानं म्हटले की सपाट पडतात. शेवटी स्टुडिओतल्या नटांना बोलावून ते वाचून घेतले आणि चँडलर खरा ठरला. आपले बहुतेक संवाद कापले जाणार आहेत, हे केननंही समजून घेतलं. मग नव्यानं लिहिलेल्या संवादांतला एक नमुना बघा. नायक वॉल्टर नेफ पहिल्याच भेटीत फिलिस डिट्रिकसनशी लगट करू पाहतो. ती त्याला अडवते, पण वाहतूक पोलिसाच्या भाषेत. या राज्यात वेगाची मर्यादा आहे, तुम्ही ती ओलांडताय. तो विचारतो, किती वेगात होतो मी? मग तो म्हणतो, मोटरसायकलवरून उतरून पावती फाडा, ती म्हणते, या वेळी ताकीद देऊन सोडते, आणि हा खेळ वाढत जातो. सगळं बोलणं ट्रॅफिकचं. सेन्सॉरला बोट ठेवायला एकही शब्द सापडू नये आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला सगळं कळावं, असं ते लिहिलंय.

चँडलर पडद्यावरही क्षणभर दिसतो. नेफ ऑफिसातून चालत जातो, तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर एक चष्मेवाला गृहस्थ वाचत बसलेला आहे, तोच तो. साठाहून अधिक वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. २००९ मध्ये ते ओळखलं गेलं.

खुनी व्हायला कुणी तयार नव्हतं

नायकच खुनी असलेला सिनेमा करायला मोठे नट धजावेनात. जॉर्ज राफ्टला वाइल्डर कथा सांगू लागला, तेव्हा राफ्टनं मध्येच विचारलं, की हा कोटाची कॉलर उलटून बिल्ला कधी दाखवतो? नायक शेवटी गुप्त पोलीस निघणार, अशी त्याची खात्री होती. तसं काही नाही म्हटल्यावर त्यानं नकार दिला.

अखेर वाइल्डर फ्रेड मॅकमरेच्या मागे लागला. मॅकमरे हा हसऱ्या चेहऱ्याचा, हलक्याफुलक्या विनोदी सिनेमांतला नट, मूळचा सॅक्सोफोनवादक. आपल्याला हे जमणार नाही, असंच तो म्हणत राहिला. पण निवड अचूक होती. मॅकमरेचं हसू एखाद्या चांगल्या सेल्समनचं आहे. दारात उभा राहिला तर आपण त्याला पाणी विचारू. असा माणूस खुनाचा बेत आखू शकतो, हीच या कथेतली भीती आहे. चित्रीकरणात एक चूक मात्र राहून गेली. नेफ अविवाहित आहे, पण मॅकमरेच्या बोटातली लग्नाची अंगठी अनेक ठिकाणी दिसते.

बार्बरा स्टॅनविकनं पटकथा वाचली आणि तीही बिचकली. वाइल्डरनं तिला विचारलं, तू उंदीर आहेस की अभिनेत्री? अभिनेत्री, असं म्हणून तिनं भूमिका घेतली. ब्रुकलिनची ही पोरकी मुलगी, मूळ नाव रूबी स्टीव्हन्स, कोरसमध्ये नाचून वर आलेली. १९४४ मध्ये अमेरिकेतली सर्वाधिक कमाई करणारी स्त्री म्हणून तिचं नाव जाहीर झालं. वाइल्डरनं तिच्या डोक्यावर सोनेरी केसांचा टोप चढवला. तो इतका नकली दिसतो, की स्टुडिओप्रमुख बडी डिसिल्व्हा म्हणाला, आपण स्टॅनविकला घेतलं आणि मिळाला जॉर्ज वॉशिंग्टन! ईडिथ हेडनं बेतलेले कपडे, तो टोप आणि घोट्यावरची साखळी, सगळ्यातून एकच गोष्ट कळते, की या बाईचं जे दिसतं ते विकत आणलेलं आहे.

तिसरा एडवर्ड जी. रॉबिन्सन. बुखारेस्टला जन्मलेला हा नट १९३१ च्या 'लिटल सीझर'पासून गुन्हेगारी भूमिकांचा बादशहा. इथे त्याच्या वाट्याला आला बार्टन कीज, विमा कंपनीचा खोटे दावे हुडकणारा अधिकारी. नाव श्रेयनामावलीत तिसरं येणार म्हणून तो आधी घुटमळला. तिघांना मोबदला मात्र सारखाच होता, प्रत्येकी एक लाख डॉलर.

कीज २६ वर्षं हेच काम करतोय. खोटा दावा समोर आला की त्याच्या पोटातला 'छोटा माणूस' ढुशा मारू लागतो आणि त्याला अन्न पचत नाही. अपघात नव्हे तर आत्महत्या, असं कंपनीच्या प्रमुखाला वाटतं, तेव्हा कीज त्याला आकडेवारी ऐकवतो. वंश, व्यवसाय, ऋतू, पद्धत अशी आत्महत्यांची वर्गवारी तो एका दमात म्हणून दाखवतो आणि शेवटी सांगतो, की चालत्या आगगाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून जीव दिल्याची नोंद त्यात कुठेही नाही. पुढे त्याच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडते. मृताचा पाय मोडलेला होता, तरी त्यानं त्याचा दावा केला नाही. म्हणजे आपला अपघात विमा आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं. विम्याच्या ऑफिसातली कारकुनी हुशारी इतकी थरारक क्वचितच कुणी दाखवली असेल.

उजेडाची कारागिरी

नॉयरमधला काळोख जर्मनीहून आला, असं सर्रास म्हटलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण या सिनेमाचा छायालेखक जॉन एफ. साइट्झ हा शिकागोत जन्मलेला, मूकपटांच्या जमान्यातला मुरलेला कारागीर. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला तारा बनवणारा १९२१ चा 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपॉकलिप्स' त्यानंच चित्रित केला होता.

नेफ पहिल्यांदा डिट्रिकसनच्या घरी जातो ती भर दुपार आहे. बाहेर रखरखीत ऊन, आत बंद दिवाणखाना. खिडक्यांवर आडव्या पट्ट्यांच्या व्हेनेशियन ब्लाइंड्स आहेत. त्यांच्या फटींतून आलेला उजेड भिंतीवर, फर्निचरवर, नेफच्या कोटावर पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. गजाआड गेल्यासारखा तो दिसतो आणि अजून तर त्यानं काहीच केलेलं नाही. उन्हाचा कवडसा दिसायचा तर हवेत धूळ हवी. आपल्या माजघरात कवडशात नाचणारे कण लहानपणी सगळ्यांनीच पाहिलेले असतात. पण कॅमेऱ्याला खरी धूळ पुरत नाही. साइट्झनं अ‍ॅल्युमिनियमचा बारीक कीस हवेत फुंकून उडवला आणि तो खाली बसण्याआधी चित्रण केलं. वाइल्डर स्वतः सेटवर अ‍ॅश-ट्रे उपडे करत फिरे, कारण त्याला त्या श्रीमंत घराला आतून कळकटपणा आणायचा होता.

आता खुनाचा प्रसंग. नेफ गाडीत मागच्या सीटच्या पायाशी दडून बसलाय. पाय मोडलेला नवरा पुढे, फिलिस गाडी चालवतेय. एका अंधाऱ्या रस्त्यावर ती तीनदा हॉर्न वाजवते. ही खूण. नेफ मागून नवऱ्याचा गळा धरतो आणि त्याच क्षणी कॅमेरा फिलिसच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. शेजारी काय चाललंय ते फक्त ऐकू येतं. तिची नजर समोर रस्त्यावर. रडणं नाही, भीती नाही, ओठांच्या कडेला किंचित समाधान. खून तपशिलानं दाखवायला बंदी होती म्हणून वाइल्डरनं खुनाचा चेहरा दाखवला आणि तो प्रत्यक्ष खुनाहून जास्त अंगावर येतो.

दारांचं एक उदाहरणही बघण्याजोगं आहे. कीज अचानक नेफच्या घरी येतो, तेव्हा फिलिस बाहेरच्या बोळात येऊन पोचलेली असते. कीज जायला निघतो आणि ती उघड्या दारामागे लपते. खरं तर फ्लॅटचं दार आत उघडतं. इथे ते बाहेर उघडतं, कारण त्याशिवाय तिला लपायला जागाच नव्हती. नेफच्या हाताशी दार, दाराआड फिलिस आणि चार पावलांवर कीज, ही मांडणी इतकी घट्ट आहे, की दाराची दिशा कुणालाही खटकत नाही.

पार्श्वसंगीत हंगेरीच्या मिक्लोश रोझाचं. स्टुडिओच्या संगीतप्रमुखाला ते कर्कश वाटलं, हे कार्नेगी हॉलमध्ये वाजवायचं संगीत आहे असं त्यानं ठणकावलं. डिसिल्व्हानं ऐकलं आणि त्याला नेमकं तेच आवडलं. म्हणून आज श्रेयनामावलीवर, कुबड्या टेकत आपल्याकडे चालत येणाऱ्या काळ्या आकृतीमागे, ते जड पावलांचं संगीत आपण ऐकतो.

काडी

ब्रीनच्या कार्यालयानं १९४३ मध्ये आधी जुनंच पत्र पुन्हा पाठवलं. तरीही पटकथा लिहून हाती दिल्यावर आक्षेप निघाले ते किरकोळ. फिलिसचा टॉवेल गुडघ्यांखाली हवा, प्रेताची विल्हेवाट फार तपशिलानं नको, आणि शेवटी नेफला विषारी वायूच्या कोठडीत मरताना दाखवणं फार भीषण होईल.

वाइल्डरनं ती कोठडी तरीही बांधली. हुबेहूब, सगळी यंत्रणा आणि बाहेरचे साक्षीदार यांच्यासह. त्यावर सुमारे दीड लाख डॉलर खर्च झाले, असं सांगितलं जातं. सगळा सिनेमा दहा लाखांच्या आत झाला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे ही रक्कम किती मोठी ते कळेल. चित्रीकरण झालं, आणि मग वाइल्डरनं तो शेवट स्वतःच कापून टाकला, कारण सिनेमा आधीच संपला होता.

तो कुठे संपला होता, ते सांगायला हवं. कीज सारखा सिगार तोंडात धरतो आणि काड्या शोधत खिसे चाचपतो. खिशात काड्या पेट घेतात म्हणून तो त्या ठेवतच नाही. दर वेळी नेफ पुढे होतो, अंगठ्याच्या नखावर काडी ओढतो आणि त्याची सिगार पेटवतो. ऑफिसातल्या दोन माणसांची ही लहानशी सवय, इतक्या सहजपणे येते की आपण ती मोजतही नाही. कीजनं नेफला आपल्या हाताखाली घ्यायचा आग्रह धरलेला असतो. पगार कमी, पण काम सचोटीचं. नेफ ते हसून टाळतो.

सिनेमाच्या सुरुवातीला, १६ जुलै १९३८ च्या रात्री, गोळी लागलेला नेफ ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर सगळा कबुलीजबाब नोंदवतो. पोलिसांसाठी नव्हे, कीजसाठी. शेवटी कीज दारात उभा असतो. नेफ पळायला बघतो आणि दारापाशीच कोसळतो. इतका जवळ होतो म्हणूनच तुला मला ओळखता आलं नाही, समोरच्याच टेबलावर होतो, असं तो म्हणतो. त्याहूनही जवळ, एवढंच कीजचं उत्तर. नेफ सिगारेट तोंडात धरतो, पण हातात ताकद उरलेली नाही. कीज खाली वाकतो, काडी घेतो, नखावर ओढतो आणि त्याची सिगारेट पेटवतो.

संपूर्ण सिनेमाभर ज्यानं काडी पेटवली, त्याच्यासाठी पेटवलेली ही एकच काडी. यानंतर वायूची कोठडी दाखवून काय सांगायचं राहतं? खुन्याला शिक्षा झाली, हे आपल्याला कळलंय. त्यानं काय गमावलं, हेही कळलंय. फिलिसच्या नादात त्यानं आयुष्यातला एकमेव खरा माणूस गमावला. माझ्या मते हा सिनेमा मोहाची गोष्ट म्हणून सुरू होतो आणि विश्वासघाताची गोष्ट म्हणून संपतो, आणि तो विश्वासघात मित्राचा आहे.

स्वतः केननंही मनमोकळी दाद दिली. आपल्या कथांवरून निघालेल्या सिनेमांत आपल्याला सुचायला हव्या होत्या अशा गोष्टी फक्त यातच आहेत, असं तो म्हणे.

नाव मागाहून मिळालं

सिनेमा १९४४ च्या उन्हाळ्यात लागला. केट स्मिथ या लोकप्रिय गायिकेनं तो बघू नका म्हणून लोकांना आवाहन केलं. ऑस्करची सात नामांकनं मिळाली आणि पारितोषिक एकही नाही. सर्वोत्कृष्ट ठरला 'गोइंग माय वे', एका प्रेमळ धर्मगुरूची गोष्ट. महायुद्ध चालू होतं, लोकांना धीर हवा होता, हेही समजण्यासारखं आहे. वाइल्डरनं पुढच्याच वर्षी एका दारुड्या लेखकावरचा 'द लॉस्ट वीकेंड' केला आणि सर्वोत्कृष्ट सिनेमासह चार ऑस्कर नेले. चँडलरबरोबरच्या महिन्यांतून हा विषय आला, असं तो सांगे.

'नॉयर' हा शब्द या मंडळींपैकी कुणालाही ठाऊक नव्हता. जर्मन कब्जाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येत नव्हते. युद्ध संपल्यावर १९४६ च्या उन्हाळ्यात साठलेले सगळे एकदम पॅरिसमध्ये लागले. त्यांत 'द माल्टीज फाल्कन', 'लॉरा' आणि 'डबल इन्डेम्निटी' होते. हॉलिवूड आता काळवंडलंय, हे तिथल्या समीक्षकांना एका दमात दिसलं. नीनो फ्रँक यानं ऑगस्ट १९४६ च्या लेखात त्यांना 'फिल्म नॉयर' म्हटलं, म्हणजे काळा सिनेमा. करणाऱ्यांना वाटत होतं आपण गुन्हेपट करतोय.

त्यानंतर या कथेची सावली दूरवर पडत राहिली. लॉरेन्स कॅस्डनचा १९८१ चा 'बॉडी हीट' थेट तिच्यावर उभा आहे, आणि आपल्याकडचा २००३ चा 'जिस्म' बघताना ज्यांना ही गोष्ट कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली असेल, त्यांना तिचं मूळ इथे सापडेल. फरक असा, की पुढच्यांना सगळं दाखवायची मुभा होती. ती असूनही पहिल्या सिनेमाची धग त्यांना गाठता आलेली नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात १९९२ मध्ये 'डबल इन्डेम्निटी'ची निवड झाली. लांबी १०७ मिनिटं. ज्यांना सिनेमा लिहायचा आहे, करायचा आहे किंवा नुसता नीट बघायचा आहे, त्या सगळ्यांनी तो एकदा शांतपणे बघावा. पहिल्यांदा गोष्टीसाठी बघा. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा फिलिसला थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कीजनं सिगार तोंडात धरली, की नेफच्या हाताकडे लक्ष द्या.